गाठ, चित्र आणि सुई : या तिमाहीचा आरोग्यपाठ





या वेळचा पाठ स्तनाच्या कर्करोगाविषयी आहे. त्यातही तो एका छोट्या तपासणीविषयी आहे, जिचे नाव ऐकताच आपल्या वाड्यांवरच्याच नव्हे, तर आपल्या मंडळीतल्या शिकलेल्या बायकाही मागे फिरतात. ती तपासणी म्हणजे बायोप्सी : चित्र पाहत पाहत गाठीत सुई घालून तिचा बारीक तुकडा काढणे आणि तो तपासणे. मी मिरजेला नर्सिंग शिकले, तीस वर्षे नोकरी केली आणि आता निवृत्त होऊन खारघरला राहते. गेली सात वर्षे आपल्या वाडीभेटींना जाते आहे. हा पाठ मी पुस्तकातून शिकले होते, पण त्याचा अर्थ मला एका चुकीनंतर कळला. म्हणून सुरुवात त्या चुकीपासूनच करते.

माझ्याकडून राहून गेलेले काम

पनवेलपासून फार लांब नसलेली एक कातकरी वाडी. नवरात्राच्या सुमारास आम्ही तेथे गेलो होतो. रक्तदाब, साखर, लहान मुलांची वजने असे काम चालले होते. एका बाईने मला झोपडीच्या मागे बोलावून घेतले. वय चाळिशीच्या पुढे, नेमके किती ते तिलाही ठाऊक नव्हते. तिच्या डाव्या स्तनात आवळ्याएवढी गाठ होती.

"दुखत नाय, म्हनून कोनाला बोलले नाय," ती म्हणाली.

मी तिला शहरात नेले. सोनोग्राफी झाली. अहवालाच्या शेवटच्या ओळीत लिहिले होते की गाठ संशयास्पद दिसते, तुकडा काढून तपासावा. मी तो कागद फाइलमध्ये ठेवला. पुढच्या महिन्यात शिबिराला डॉक्टर येणार होते, तेव्हा दाखवू असे ठरवले. सोनोग्राफी झाली म्हणजे मोठे काम उरकले, असे मी मनाशी धरून बसले होते. परतताना तिने विचारले, "फोटू तर काढला बाई, आता काय?" मी म्हणाले, "सांगते तुला."

शिबिराच्या दिवशी तिच्या झोपडीच्या दाराला बाहेरून काटेरी फांदी लावलेली होती. दिवाळी होऊन गेली होती. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, म्हणून सगळे कुटुंब वीटभट्टीवर निघून गेले होते. कोणत्या भट्टीवर, हे शेजाऱ्यांना नीट सांगता येईना. पाऊस तोंडावर आला तेव्हा ती परतली. गाठीची जखम झाली होती आणि काखेतही गाठी होत्या. पुढे उपचार मिळाले, पण वेळ निघून गेली होती. त्यानंतरची दिवाळी तिने पाहिली नाही.

तिची गाठ कोणी पाहिलीच नाही असे नव्हते. ती मी हाताने पाहिली होती, यंत्राने चित्रातही पाहिली होती. राहिली होती ती फक्त सुई. चित्र आणि सुई यांच्या मधल्या अंतरात ती बाई हरवली, आणि ते अंतर भरून काढणे माझे काम होते.

गाठ म्हणजे काय असू शकते?

प्रथम धीर देणारी गोष्ट. स्तनात लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये फायब्रोअ‍ॅडिनोमा नावाची, बोटाखाली सरकणारी साधी गाठ पुष्कळदा आढळते. काही गाठी म्हणजे नुसत्या पाण्याच्या पिशव्या असतात. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध साचून किंवा पू होऊन गाठ येऊ शकते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भारतातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. सगळ्या जगात त्या वर्षी सुमारे २३ लाख नवे रुग्ण आणि ६ लाख ७० हजार मृत्यू झाले. या आकड्यांशेजारी हेही लक्षात ठेवावे की हा आजार लवकर सापडला तर त्यावर चांगले उपचार आहेत.

मग साधी गाठ कोणती आणि वाईट कोणती, हे कसे ओळखायचे? वाडीवर बायका मला विचारतात, "बाई, तुमच्या हाताला काय लागतं?" मी पुष्कळ वर्षे हाताने तपासत आले आहे, तरी खरे उत्तर एकच : हाताला गाठ लागते, गाठीचे नाव लागत नाही. म्हणून डॉक्टर तीन गोष्टी एकत्र पाहतात : हाताची तपासणी, चित्र आणि तुकडा. या तिन्हींचे उत्तर जुळले, तरच निदान पक्के.

पहिली पायरी : हात

हाताच्या तपासणीला कमी लेखू नये. याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. १९४१ साली परळला सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय आपल्याला माहीत आहे. आमच्या खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे त्याच टाटा मेमोरियल सेंटरचे संशोधन व उपचार केंद्र. या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जाऊन हाताने स्तनांची तपासणी करीत आणि आजाराची माहिती देत. अशा चार फेऱ्या झाल्या. उरलेल्या वस्त्यांत माहिती दिली गेली आणि पुढे लक्ष ठेवले गेले.

वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. जेथे तपासणी होत होती, तेथे कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडत होता. पुढे गेलेल्या म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातील रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आपल्या कामासाठी यात मोठा दिलासा आहे. यंत्र वाडीवर नेता आले नाही, तरी शिकलेला हात नेता येतो. सरकारी कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी आरोग्यसेविकेने करावी, असे ठरलेले आहे. आपण आशाताई आणि उपकेंद्रातील सिस्टर यांच्या हातात हात घालून हे काम करू शकतो.

पण एक ध्यानात घ्या. त्या अभ्यासातही हाताला गाठ लागलेल्या बाईला पुढच्या तपासण्यांसाठी रुग्णालयात पोहोचावेच लागे. हात दार उघडतो, पण आत जावे लागतेच.

दुसरी पायरी : चित्र

चित्राचे दोन मुख्य प्रकार आहेत. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. त्यासाठी स्तन दोन सपाट पट्ट्यांमध्ये क्षणभर दाबून धरतात. थोडे दुखते, पण लगेच संपते. हाताला अजिबात न लागणारे चुन्याचे बारीक कण मॅमोग्राफीत दिसतात. काही वेळा ते कण हीच कर्करोगाची सर्वांत पहिली खूण असते. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरींनी चित्र उमटते. तीत गाठ भरीव आहे की पाण्याची, तिच्या कडा गुळगुळीत आहेत की वेड्यावाकड्या, हे कळते. तरुण स्त्रियांचे स्तन दाट असल्याने मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी बहुधा सोनोग्राफी आधी करतात.

अहवालात बहुधा 'बायरॅड्स' असा शब्द आणि पुढे ० ते ६ पैकी एक आकडा असतो. हा आकडा वाचायला आपल्या प्रत्येक कार्यकर्तीने शिकले पाहिजे. १ म्हणजे सर्व ठीक. २ म्हणजे काहीतरी आहे पण ते साधे आहे. ३ म्हणजे बहुतेक साधे, पण काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. ४ म्हणजे संशय आहे, तुकडा तपासा. ५ म्हणजे दाट संशय, तुकडा तपासाच. ० म्हणजे चित्र अपुरे आहे, आणखी तपासणी हवी. कर्करोगाचे निदान आधीच झालेले असेल तर ६ लिहितात.

येथे एक गैरसमज दूर करते. आकडा ४ आला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. चौथ्या गटातल्या कितीतरी स्त्रियांचा तुकडा साधा निघतो. आणि आकडा ५ आला तरी केवळ चित्रावरून उपचार सुरू करीत नाहीत. चित्र जागा दाखवते. त्या जागी काय आहे, हे तुकडाच सांगतो.

तिसरी पायरी : सुई

पूर्वी गाठीचे निदान करायचे तर बाईला भूल देऊन, चिरा देऊन गाठ बाहेर काढावी लागे. कित्येकदा बाई भुलीखाली असतानाच निदान होई आणि लगेच स्तन काढला जाई. झोपताना बाईला ठाऊक नसे की उठल्यावर आपला स्तन असेल की नाही. आजही वाडीवर बायकांच्या मनात 'तपासणी' या शब्दाला हीच भीती चिकटलेली आहे. चित्राच्या आधारे सुई नेमकी नेण्याची पद्धत स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात पुढे आली आणि नंतर जगभर पसरली. निदान आणि शस्त्रक्रिया ही दोन कामे वेगळी झाली, हा तिचा मोठा उपकार. आता बाईला आधी कळते, मग ती विचार करते, घरच्यांशी बोलते आणि नंतर उपचार ठरतो.

सुईचेही दोन प्रकार आहेत. एक अगदी बारीक सुई, जिच्यातून काही पेशी ओढून घेतात. तिला एफएनएसी म्हणतात. दुसरी थोडी जाड, आतून पोकळ सुई, साधारण दोन मिलिमीटरची. तिच्यातून शेवईसारखा बारीक तुकडा निघतो. हीच कोअर बायोप्सी. सुट्या पेशींवरून शंका कळते. अखंड तुकड्यावरून मात्र आजार जागच्या जागी आहे की आजूबाजूला शिरला आहे, हेही कळते. त्याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या चाचण्या करतात. कोणत्या बाईला गोळ्यांचा उपयोग होईल, कोणाला कोणते औषध लागेल, हे त्यांवरून ठरते.

'चित्र पाहून' करण्याचे कारण काय? लहान गाठ खोल असते, बोटाखालून निसटते. अंदाजाने सुई घातली आणि ती गाठीच्या शेजारून गेली, तर अहवाल येतो 'काही नाही'. बाई आनंदाने घरी जाते आणि आजार आत वाढत राहतो. असा खोटा दिलासा वाईट बातमीपेक्षाही घातक. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई गाठीत शिरताना डोळ्यांना दिसते. गाठच नाही, फक्त चुन्याचे कण आहेत, अशा वेळी मॅमोग्राफीची दोन कोनांतून चित्रे घेऊन यंत्र नेमकी खोली काढते. तिला स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी म्हणतात. काढलेल्या तुकड्यांचा एक्स-रे काढून ते कण खरोखर आले आहेत की नाही, हेही तेथेच पाहतात.

म्हणून अहवाल हाती आल्यावर एक प्रश्न नक्की विचारावा : चित्र आणि तुकडा यांचे उत्तर जुळते का? चित्र फार संशयास्पद असेल आणि तुकडा साधा आला असेल, तर पुन्हा तपासावे लागते. हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगले डॉक्टर तो स्वतःच आधी विचारतात.

खेकडा आणि बीळ

पहिल्या बाईनंतरच्या वर्षी दुसऱ्या वाडीवर पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईला तपासताना माझ्या बोटांना काहीतरी बारीक कठीण लागले. वाटाण्याहून जरा मोठे. तिची परवानगी घेऊन, नाव न देता, तिची गोष्ट लिहिते.

चित्र झाले आणि आकडा ४ आला. या वेळी मी कागद फाइलमध्ये ठेवला नाही. त्याच दिवशी बायोप्सीची तारीख घेतली आणि मगच आम्ही परत निघालो. पण वाडीवर तिची बहीण आडवी आली. "सुई लावली का गाठ चवताळते. आमच्या नंदंचं तसंच झालं." दोन दिवस बाई 'नाही' म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू संगं बसशील तर येते." नातवंडाला कोण पाहणार, हा दुसरा प्रश्न. आपल्या महिला मंडळातील एक भगिनी त्या दिवशी वाडीवर जाऊन त्या लेकराजवळ राहिली. आम्ही दोघी आधी टमटमने, मग पनवेलहून लोकलने नवी मुंबईतल्या रुग्णालयात पोहोचलो.

आत काय झाले ते क्रमाने सांगते, कारण भीती बहुधा न पाहिलेल्या गोष्टीची असते. तिला पाठीवर झोपवून हात डोक्यावर घ्यायला सांगितले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे आधी विचारले. जागा पुसून तेवढाच भाग बधिर करण्याचे इंजेक्शन दिले. ते टोचले तेव्हा ती एकदाच कळवळली. मग तीळभर चिरा दिला. सुई घालण्याआधी डॉक्टरबाईंनी उपकरण हवेत चालवून 'टक्' असा आवाज ऐकवला आणि म्हणाल्या, "मावशी, असा आवाज येईल, दचकायचं नाही." एका हातात सोनोग्राफीचा दांडा, दुसऱ्या हातात सुई. पडद्यावर काळपट डाग आणि त्याच्याकडे सरकणारी पांढरी रेघ. टक्. तुकडा बाटलीतल्या औषधात. असे पाच तुकडे घेतले. नंतर दहा मिनिटे जागा दाबून धरली आणि पट्टी लावली. टाका नाही. सगळे मिळून अर्धा तास.

बाहेर बाकड्यावर चहा पिताना ती हसली आणि म्हणाली, "खेकड्याच्या बिळात आंधळा हात घातला तं तो डसतो. बीळ बघून घालावा लागतो. हिनं टीव्हीत बघून घातला. बेस केलं."

आयुष्यभर ओढ्यांतून खेकडे धरलेल्या बाईचे हे बोलणे. कर्क म्हणजे खेकडा, आणि कर्करोग हे नाव त्यावरूनच आले आहे, हे तिला ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा तिला फार गंमत वाटली.

दोन दिवस जागा काळीनिळी होती. साध्या दुखण्याच्या गोळीवर भागले. आठवड्याने अहवाल आला : कर्करोग होता. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत, काखेत काही नाही. तुकड्यावरच्या पुढच्या चाचण्यांवरून गोळीचा उपयोग होईल असे कळले. शस्त्रक्रियेत गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढला, स्तन राखता आला. नंतर किरणोपचार झाले. गोळी अजून चालू आहे. या गोष्टीला तीन वर्षे झाली. ती आता भात लावते, नातवाला रागावते आणि पुढच्या तपासणीची तारीख मला तीच आठवण करून देते.

त्याच वर्षी वाडीतील एका एकोणीस वर्षांच्या मुलीचीही गाठ तपासली. तो साधा फायब्रोअ‍ॅडिनोमा निघाला. तिच्या आईने दोन महिने अन्न गोड लागू दिले नव्हते. सुईने त्या घरालाही झोप परत दिली. 'नाही' हे उत्तरसुद्धा खात्रीचे मिळाले, तर ते मोठे वरदान असते.

सुईने आजार पसरतो का?

हा प्रश्न मला वाडीवर विचारतात आणि उपासनेनंतर मंडळीच्या अंगणातही विचारतात. उत्तर नीट समजून घेऊ. सुईच्या वाटेवर क्वचित काही पेशी सरकलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. पण त्यामुळे आजार शरीरात पसरतो किंवा आयुष्य कमी होते, असे आढळलेले नाही. जगभर लाखो स्त्रियांची ही तपासणी होते आणि उपचारांचा सगळा पाया तिच्यावर उभा आहे.

मग हा समज आला कोठून? बहुतेक बायका उशिरा जातात. तेव्हा आजार आधीच पसरलेला असतो. मग सुई लागते आणि काही महिन्यांत मरण येते. पाहणाऱ्यांना सुई आणि मरण एकापाठोपाठ दिसते. आधीचे दीड वर्ष पदराखाली लपवलेले असल्याने ते कोणालाच दिसत नाही. त्या बहिणीच्या नणंदेचे असेच झाले होते. दोष उशिराचा असतो आणि नाव सुईचे होते. म्हणून अशा समजाला हसू नका. ज्यांनी आपले माणूस गमावले आहे, त्यांचे ते दुःख बोलत असते. आधी ऐकून घ्या, मग समजावून सांगा.

साठ दिवसांची वही

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली स्तनाच्या कर्करोगासाठी एक मोहीम सुरू केली. तिच्या लक्ष्यांपैकी एक आपल्या कामाला तंतोतंत लागू पडते : बाई तक्रार घेऊन आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पक्के व्हावे. हे वाचल्यावर मी एक साधी वही घातली. पानावर गाठ सापडल्याची तारीख, चित्राची तारीख, सुईची तारीख, अहवालाची तारीख आणि उपचार सुरू झाल्याची तारीख. रिकामी राहिलेली जागा डोळ्यांना टोचते. दुसऱ्या बाईचे पान ३८ दिवसांत भरले. पहिल्या बाईचे पान मी नंतर लिहिले. त्यात दोनच तारखा आहेत.

आपल्या वाड्यांवर हे साठ दिवस कशात खर्च होतात? केंद्र सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिम जमाती मानले, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. पुष्कळांजवळ जमीन नाही. दिवाळीनंतर वीटभट्टी, पावसाळ्यात परत, असे वर्ष जाते. भट्टीवरून एक दिवस सुटायचे तर रोज बुडतो आणि मुकादमाचा राग ओढवतो. आधार आणि रेशनकार्डावरची नावे जुळत नाहीत. मोठ्या इमारतीत कोणत्या खिडकीपाशी उभे राहायचे, हे वाचता येत नाही. म्हणून आपण पुढील गोष्टी करू या.

१. तपासणीचे शिबिर पावसाळ्यात किंवा दिवाळीआधी घ्यावे, म्हणजे पुढच्या पायऱ्या स्थलांतराआधी पूर्ण होतील.

२. कागदपत्रे आधी नीट करावीत : आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात, पण ऐन वेळी कागदांसाठी धावाधाव झाली तर त्यात आठवडे जातात.

३. एका बाईमागे एक सोबतीण असावी. ती चित्रापासून उपचारापर्यंत तीच राहावी. दर वेळी नवा चेहरा नको.

४. सोबतीणीने चित्राचा अहवाल घेऊन त्याच दिवशी पुढची तारीख घेतल्याशिवाय परतू नये.

५. बुडालेला रोज, प्रवासखर्च आणि घरी लेकरांजवळ राहणारे माणूस यांची सोय मंडळीने करावी. आपल्या देणगीतून यंत्र येणार नाही, पण यंत्रापर्यंतचा रस्ता नक्की येईल.

आपल्या स्वतःसाठी

भगिनींनो, हा पाठ फक्त वाडीसाठी नाही. न दुखणारी गाठ, काखेतली गाठ, स्तनाच्या आकारात फरक, कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्या आठवड्यातच दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही. बंधूंनो, घरातल्या स्त्रीने असे काही सांगितले तर "बघू नंतर" म्हणू नका. मी "सांगते तुला" म्हणाले होते, त्याचे काय झाले ते आपण वर वाचले आहे.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या ओळखीत आजार लपवल्यामुळे उशीर झाल्याचे उदाहरण आहे का? लपवण्यामागे भीती कशाची होती : मरणाची, खर्चाची की लोकांच्या बोलण्याची?

२. हात, चित्र आणि तुकडा या तिन्हींची गरज का आहे, हे आपल्या शेजारणीला साध्या शब्दांत कसे समजावाल?

३. 'सुई लावली की गाठ चवताळते' असे म्हणणाऱ्या आजीला दुखावल्याशिवाय काय सांगाल?

४. आपल्या मंडळीतून महिन्यातला एक दिवस सोबतीण म्हणून कोण देऊ शकेल?

शेवटी एक विनंती. खेकड्याची गोष्ट सांगणारी ती बाई आता अधूनमधून माझ्याबरोबर दुसऱ्या वाड्यांवर येते. घाबरलेली कोणी भेटली की ती तिला आडोशाला नेते आणि तिळाएवढा व्रण दाखवते. "बघ, एवढीच होती सुई," म्हणते. माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने जे होत नाही, ते तेवढ्याने होते. तिच्यासाठी, तिच्या प्रकृतीसाठी आणि या वर्षी वहीत ज्यांची पाने अजून अर्धी आहेत, त्या चार भगिनींसाठी आपल्या प्रार्थना चालू असाव्यात. आणि जमेल त्यांनी प्रार्थनेबरोबर एक दिवसही द्यावा.

आपली बहीण,
वाडीभेट गटातील एक निवृत्त परिचारिका, खारघर